मधली पानं

तिसऱ्या राघूच्या पोटावर नारायणरावांना आपल्या बायकोचा ळ दिसला. पाळण्यावर वेताचं एक कडं टांगलं होतं, कड्याला लाल दोऱ्यांनी सात कागदी राघू बांधले होते, आणि माजघराच्या खिडकीतून माघातला वारा आला की ते सावकाश फिरत, एकेक करून त्यांच्याकडे पोट करत आणि पुन्हा पाठ फिरवत. हळदीत आणि निळीत बुडवून आणलेला हिरवा रंग, चोचींना कुंकू, डोळ्यांच्या जागी गुंजा. रंगाखालची काळी शाई मात्र जशीच्या तशी होती. जुन्या घोटीव कागदावर मुरलेली काजळीची शाई पाण्याला सहसा दाद देत नाही, हे त्यांच्याइतकं धार संस्थानात कुणाला ठाऊक असणार? आधी त्यांनी नुसतं पाहिलं, नातीच्या बारशाला आलेल्या आजोबानं पाहावं तसं, कौतुकानं. मग वाचलं. चाळीस वर्षं दरबारच्या दफ्तरात मोडी वाचणाऱ्या माणसापुढे मोडी आली की तो वाचतो, त्यात त्याच्या मर्जीचा काही प्रश्न नसतो. पहिल्या दोन राघूंवर काही नीट लागलं नाही, कात्रीनं ओळी तिरक्या कापल्या होत्या. तिसरा फिरला, त्याच्या पोटावर तो ळ आला, खाली जरुरीपेक्षा एक वळसा जास्त घेतलेला, आणि नारायणरावांनी हात पुढे करून पाळण्याची दांडी धरली.

रुक्मिणीला जाऊन येत्या फाल्गुनात तीन वर्षं होत होती. तिचं अक्षर त्यांनीच घडवलं होतं, म्हणजे घडवायला घेतलं होतं. ती बारा वर्षांची होऊन धारेला नांदायला आली तेव्हा नारायणराव दफ्तरात नुकतेच उमेदवार म्हणून चिकटले होते आणि नव्या नोकरीचा सगळा उत्साह संध्याकाळी घरी येऊन तिच्यावर काढत. धूळपाटीवर बोटानं मोडी गिरवायला त्यांनी तिला शिकवलं. बाळबोध शिकवली नाही. बाळबोध देवांची आणि पोथ्यांची, मोडी माणसांची, असं काहीतरी ते ऐटीत म्हणाले होते आणि तिनं ते जन्मभर खरं मानलं. ळच्या खालचा तो वळसा काही तिला सुटेना. हात उचलायचा नाही, थांबायचं नाही, यातच मोडीची सगळी मौज, आणि तू त्या एका अक्षराशी रेंगाळत बसतेस, असं त्यांनी तिला कितीदा सांगितलं. मला कुठं जायची घाई आहे, ती म्हणाली होती. दोनच पावसाळे हा वर्ग चालला. मग घरातल्या मोठ्यांनी थट्टा आरंभली, नारायणाची बायको आता कचेरीत जाऊन बसणार म्हणून, आणि नारायणरावांनी पाटी माळ्यावर टाकली. खरं तर ती थट्टा तिला लागली नव्हती, यांनाच लागली होती. पुढे ती आपली आपणच लिहीत राहिली. दफ्तरातले वाया गेलेले कागदाचे कोरे बंद ते घरी आणत; ते दुमडून, मधोमध शिवून, वर जुन्या लुगड्याच्या काठाचं वेष्टण घालून तिनं एक जाडजूड बाड केलं होतं. दुपारी सगळं आवरलं की ती त्यात काहीतरी लिही. नारायणरावांना हे ठाऊक होतं, शेजारच्या घरी गाय आहे हे ठाऊक असतं तितपत.

"आवडले ना राघू?" मागून उमाबाईंनी विचारलं. उमाबाई म्हणजे त्यांच्या विहीणबाई, सुमंगलेच्या सासूबाई. देवासात राज्यं दोन, रस्त्याच्या या अंगाला थोरल्या पातीचा अंमल आणि त्या अंगाला धाकट्या पातीचा, कचेऱ्या वेगळ्या, शिपाई वेगळे. पण मखर करायचं म्हटलं की दोन्हीकडून बोलावणं उमाबाईंना. हातात कात्री आणि खळीची वाटी असली की त्यांच्या बोलण्यालाही जरा जास्तच रंग चढे. नारायणराव राघूंकडे टक लावून पाहताहेत हे बघून त्या अगदी सुखावल्या. "तुमच्याच कागदाची करामत आहे ही, व्याहीबुवा. हा आजकालचा छापील कागद बिलकुल कामाचा नाही, घडी घातली की तुटला. तुम्ही धाडलेल्या गठ्ठ्यात ते बाड होतं ना, लुगड्याच्या काठात बांधलेलं, त्याचा कागद म्हणजे कापडच हो. पुरवून पुरवून वापरलं मी."

मग काय काय केलं ते त्यांनी सांगितलं, आणि नारायणरावांना ऐकून घ्यावं लागलं. गौरींच्या मखराची एकवीस कमळं त्यातलीच. गणपतीबरोबर तीही तळ्यात गेली. दिवाळीला आकाशदिव्याच्या झालरी केल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पोपटी फुलं करून घरोघर वाण म्हणून वाटली, इकडच्या पातीतही आणि तिकडच्याही. बाळबोध अक्षराच्या पानाला त्या कधी कात्री लावत नाहीत, कुठे देवाचं नाव असेल सांगता येत नाही. मोडीचं तसं नाही, तो सरकारी कागद. तरीसुद्धा पानाच्या माथ्यावर जिथं श्री दिसला तेवढी पट्टी कापून त्यांनी एका पुडीत घालून ठेवली होती, कुणी नेमावरला गेलं की नर्मदेत सोडायला. एवढं जपून करणाऱ्या बाईला काय बोलायचं? बाकीची पानं आहेत का, एवढंच नारायणरावांनी विचारलं. हे सात राघू शेवटचे, उमाबाई म्हणाल्या, नातीसाठी मुद्दाम राखून ठेवले होते. आणि पुरणाकडे बघायला त्या आत निघून गेल्या.

गठ्ठा त्यांनीच पाठवला होता, गेल्या आषाढात. दफ्तरातल्या जुन्या कागदांची छाटणी चालली होती. खोल्या भरल्या होत्या, वाळवी लागली होती, आणि ठेवायचं काय नि काढायचं काय हे ठरवायचं काम नारायणरावांकडे होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते इतक्या वेगानं करता आलं नसतं. त्यांची एक रीत होती. कागद बांधलेला रुमाल सोडायचा, पहिलं पान वाचायचं, शेवटचं पान वाचायचं, आणि निकाल द्यायचा. मधे काय असणार ते दोन्ही टोकांवरून कळतं. नव्या कारकुनांना ते हे अभिमानानं शिकवत, आणि या रीतीनं त्यांच्या हातून चुकीनं काही गेलं असं कधी कुणी दाखवून दिलं नव्हतं. त्याच दिवसांत सुमंगलेकडून निरोप आला, सासूबाईंना मखरासाठी जुना कागद हवा आहे. काढून टाकलेला कागद कुणी नेला तर दफ्तराची हरकत नसे. तुकाराम शिपाई घरी गठ्ठा बांधायला बसला, आणि नारायणरावांना वाटलं, हात लागलाच आहे तर घरचीही छाटणी करून टाकावी. रुक्मिणी गेल्यापासून त्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता. जुनी पंचांगं निघाली, फाटक्या चोपड्या निघाल्या, आणि ते बाड निघालं. पहिल्या पानावर कैरीच्या लोणच्याचं प्रमाण, शेवटच्या पानावर उडदाच्या पापडांचं. त्यांनी ते तुकारामापुढे टाकलं. तुकारामानं ते हातात घेऊन जरा चाचपलं. बाईसाहेबांचं दिसतंय, हे पण द्यायचं का, त्यानं विचारलं. लोणचीपापड आहेत, नारायणराव म्हणाले, आता करायचं कुणी?

पाळण्याची दांडी धरून उभं असताना त्यांना वाटलं, आपण तेव्हा फसलो असं तरी म्हणावं. पण तेही खरं नव्हतं. ही पहिली वेळ नव्हती. सुमंगलेच्या लग्नाच्या वर्षी, लग्नघर आवरून पाहुणे गेल्यावर एका संध्याकाळी ते समईजवळ पानतंबाखू घेऊन बसले होते तेव्हा रुक्मिणीनं ते बाड त्यांच्यासमोर आणून ठेवलं होतं. एवढं नजरेखालून घालणं होईल का, तिनं विचारलं होतं, पदराला हात पुसत, दाराकडे बघत. दिवसभर मोडी वाचून त्यांचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी पहिलं पान पाहिलं. उलटं करून शेवटचं पाहिलं. छान, अक्षर पुष्कळ सुधारलंय, तेवढा ळ सोडला तर, असं म्हणून त्यांनी बाड परत तिच्याकडे सरकवलं. ही रीत तिला माहीत होती. दफ्तरातल्या बढाया त्यांनी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगितल्या होत्या? मग तिनं बाड उचललं आणि पान ताजं आहे का विचारलं. त्यांनी ताजं आहे म्हणून सांगितलं.

आतून पुरणाचा वास येत होता आणि आज नारायणरावांना इथं जेवायचं होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी पाण्याच्या घोटाशिवाय काही घ्यायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. सात वर्षांत ते चारदा देवासला आले आणि चारही वेळा ओसरीवरून पाणी पिऊन परतले. म्हणून आजच्या पंगतीचं उमाबाईंनी मनावरच घेतलं होतं. काल संध्याकाळी ते येऊन पोचले, महूपर्यंत बैलांची दमणी, तिथून आगगाडी, इंदुराहून टांगा, अंग सगळं आंबलेलं, आणि उमाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांना कढी आवडते की आमटी. काहीही चालेल, ते म्हणाले होते, आणि रात्री बरोबरची दशमी खाऊन निजले होते. खाण्याच्या बाबतीत त्यांना कधीच काही कळलं नाही. पानात वाढलेलं ते जेवत, मनात कुठलातरी शंभर वर्षांपूर्वीचा तंटा घोळत असे. रुक्मिणी समोर बसून वारा घाली आणि विचारी, मीठ बरोबर आहे ना? बरोबर आहे, ते म्हणत. हे कधीपासून सुरू झालं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण एकदा सुरू झालं ते रोज, एकही जेवण न चुकता. तीस-तीस वर्षं स्वैपाक केलेल्या बाईला मिठाचा भरवसा वाटू नये याची त्यांना गंमत वाटे, आणि चारचौघांत त्यांनी त्यावरून तिची थट्टाही केली होती. ती नुसती हसली होती. प्लेगच्या साथीत ती आजारी पडली तेव्हा शेजारच्या भवानीबाई भीत भीत दारात डबा ठेवून जात. एकदा त्यांच्या कढीत मीठ घालायचंच राहिलं होतं, अगदी पहिल्या घासाला कळलं. खाटेवरून रुक्मिणीनं विचारलं, आवाज पार खोल गेला होता, मीठ बरोबर आहे ना? तापानं फणफणलेल्या माणसाला कशाला त्रास, म्हणून ते म्हणाले, बरोबर आहे. तिनं मान भिंतीकडे वळवली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सुमंगला न्हाऊन-माखून, अंगावर शाल घेऊन बाहेर आली. मागून सुईणीनं बाळाला आणलं, कपड्यात गुंडाळलेलं, मुठी मिटलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते सासरी झालं. त्याचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. ती वाकून बापाच्या पाया पडली आणि उठता उठता हळूच म्हणाली, "आणलंत, बापू?"

काय ते तिनं सांगायची गरज नव्हती. महिन्यापूर्वी तिचं पत्र आलं होतं, जावई यशवंतरावांच्या हातचं, तिनं सांगितलेलं. बाकी काही आणू नका, आईचं बाड तेवढं आणा, त्यात तिनं माझ्या बाळासाठी पाळणा रचून ठेवलाय, बारशाला तोच म्हणायचा आहे, तुम्ही मला वाचून दाखवा म्हणजे मी पाठ करीन. पत्र वाचून त्यांनी तीन दिवस घर धुंडाळलं. कपाट, माळा, धान्याच्या कणग्यांमागची फळी. लोणच्याचं बाड त्यांच्या लक्षातच आलं नाही; त्यांच्या लेखी त्या बाडाचा निकाल लागला होता, त्यात पाळणा असणं शक्यच नव्हतं, तेव्हा रुक्मिणीनं दुसरं एखादं केलेलं असणार असं धरून ते ते दुसरं शोधत राहिले. शेवटी त्यांनी सोनाराकडून चांदीचे वाळे करून घेतले आणि सापडलं नाही हे दोन शब्द तोंडात तयार ठेवून दमणीत बसले. धारेहून निघताना ते दोन शब्द खरे होते. आता, तिसऱ्या राघूवर 'आजोळी तुझ्या गं' एवढं वाचल्यावर, नव्हते.

"सापडलं नाही, बाळ," नारायणराव म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पाळण्यावर गेली, आणि राघू फिरत होते.

बायका जमल्या होत्या. पुरुषांनी ओसरीवर सरकायचं ते सरकले, नारायणराव मात्र दाराच्या चौकटीला टेकून राहिले आणि आजोबा म्हणून त्यांना कुणी हटकलं नाही. पाळण्याखालून गोप्या काढल्या, वरून घेतल्या, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणत. यशवंतरावांच्या बहिणीनं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, विद्युल्लता, घरात आजवर नसलेलं, नव्या चालीचं. मग कुणीतरी पाळणा म्हणा म्हणालं आणि बायका थांबल्या, कारण उमाबाईंनी आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज सुमंगलेच्या आईचा पाळणा आहे. सुमंगलेनं मान हलवली. मग एका म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यांना येणारा पाळणा सुरू केला आणि बाकीच्यांनी सूर मिळवला. सुमंगला दोरी ओढत होती. तिचे ओठ हलत नव्हते. डोक्यावर हातभर अंतरावर तिच्या आईचा पाळणा टांगलेला होता, पाळण्याच्या हेलकाव्यानं गरागरा फिरत होता, आणि त्या भरल्या माजघरात तो वाचता येणारा माणूस एकच होता. गप्प राहणं सोपं होतं. उमाबाईंना वाचता येत नव्हतं, जावयांना इंग्रजी येत होतं, मोडी धड येत नव्हती. चार दिवसांत हे राघू धुरकटतील, होळीला कुणीतरी काढून टाकील. नारायणरावांनी हा हिशेब पुरा केला आणि तो चोख होता. फक्त त्या वेळी सुमंगलेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, तुम्ही तरी काय करणार अशा समजुतीनं, आणि ती समजूत त्यांना सोसवली नाही.

बायका हळदीकुंकू घेऊन आतल्या खोलीत पानसुपारीला गेल्या तेव्हा ती पाळण्याशी एकटीच होती. नारायणराव जवळ गेले. त्यांनी तिसरा राघू बोटानं धरून थांबवला.

"हे आईचं अक्षर आहे."

तिनं राघूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. तुकारामानं विचारलं होतं तेही सांगितलं. सांगताना ते कारकुनी आवाजात बोलत होते, दुसऱ्या कुणाचं तरी प्रकरण मांडावं तसे, आणि तो आवाज त्यांचा त्यांनाच ऐकवेना. ती रडेल असं त्यांना वाटलं होतं, उमाबाईंचं नाव घेऊन चिडेल असंही वाटलं होतं. तिनं फक्त पाळण्याची दोरी सोडली.

"म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"आई म्हणायची, यांना दिलंय वाचायला. सवडीनं वाचताहेत. मी दर खेपेला विचारायची, झालं का बापूंचं वाचून? ती म्हणायची, झालं की मला कळेल."

बाहेर टेकडीवरच्या देवीकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी टांग्याचे घुंगरू वाजत गेले. तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग तिनं डोळे पुसले आणि जरा बाजूला सरून त्यांना जागा केली.

"जे आहे ते वाचा," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. एकेक राघू हातात धरून, पंख दुमडले होते ते नखानं अलगद उकलून, खिडकीच्या उजेडाकडे करून. पहिल्यावर होतं, धारेच्या तळ्यात चांदणं भिजलं, माझ्या सोनुलीचं, आणि पुढं कात्री. दुसऱ्यावर, निजली का पाहा, आणि त्याच्या मागं लहान अक्षरात, इथे नाव घालावे. सुमंगलेनं लगेच नाव घालून पाहिलं, पुटपुटत. विद्युल्लता हे नाव त्या ओळीत काही केल्या मावेना. तिसऱ्यावर, आजोळी तुझ्या गं कागदांचे डोंगर. तो ळ तिथला होता. चौथ्यावर, आजोबा वाचती मेलेल्यांची पत्रं, तू त्यांना, आणि पुढं राघूची मान सुरू होत होती. नारायणरावांनी ती ओळ दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मनात. पाचव्यावर नुसतं जो जो. सहाव्यावर, चार लिंबांचा रस आणि मेथ्या भाजून; पाळणा लिहिता लिहिता रुक्मिणीला मधेच लोणचं आठवलं असावं. सुमंगला हसली, आणि हसता हसताच तिला रडू आलं. हे असंच बोलायची ना ती, ती म्हणाली, एकातून दुसऱ्यात. हो, नारायणराव म्हणाले. पण ती कशी बोलायची हे त्यांना आठवेना. त्यांना तिचा एकच प्रश्न आठवत होता.

सातवा राघू भिंतीच्या बाजूला होता, त्याचा दोरा पिळला होता आणि सकाळपासून त्याची पाठच दिसत होती. त्यांनी तो वळवून घेतला. याच्यावर पाळणा नव्हता. पानाच्या कडेला, मजकूर सोडून आडवं, बारीक लिहिलेलं होतं. उमाबाईंनी पान असं दुमडलं होतं की तेवढी कड नेमकी राघूच्या पोटावर आली होती, आणि कात्री शेपटाशी येऊन शेवटच्या शब्दावर थांबली होती.

इकडून इथवर वाचणे झाले असल्यास जेवताना मीठ कमी आहे म्हणावे. मी काय ते सम

नारायणरावांनी ते वाचलं. वाचून झाल्यावरही त्यांची नजर त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा पहिल्या शब्दाकडे, नाव न घेता नवऱ्याला म्हटलेल्या त्या इकडूनकडे, जात राहिली. रोज, एकही जेवण न चुकता. वारा घालता घालता, पंखा तसाच हातात धरून, उत्तराची वाट बघत. त्यांना थट्टेच्या वेळचं तिचं हसणं दिसलं, खाटेवरून भिंतीकडे वळलेली मान दिसली, आणि ती बेचव कढी जिभेवर आली. त्या दिवशी नुसतं खरं बोलले असते तरी पुरलं असतं. न वाचता पुरलं असतं. आपलं बाड वाचून झालं असं समजून ती गेली असती.

"याच्यावर काय आहे?" सुमंगलेनं विचारलं.

"लागत नाही," ते म्हणाले. मोडीचा कागद हातात असताना हे शब्द चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून गेले नव्हते. त्यांनी राघू सोडला. तो दोन वेढे फिरून पुन्हा भिंतीकडे तोंड करून राहिला.

हे काढायचे नाहीत, सुमंगला म्हणाली, मी सासूबाईंना सांगते. त्यांना बाकीचं सांगू नकोस, नारायणराव म्हणाले, त्यांनी श्री तेवढे जपून ठेवलेत. तिनं मान डोलावली.

पानं मांडली होती. आजोबांच्या पाटाभोवती उमाबाईंनी स्वतः रांगोळी काढली होती, उदबत्ती लावली होती, आणि शेजारच्या पाटावर यशवंतराव सोवळं नेसून बसले होते. पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, दोन भाज्या, दोन कोशिंबिरी, भजी, आणि डाव्या हाताला वर चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड. सात वर्षं या घरचा घास न खाल्लेला व्याही जेवायला बसला म्हणून उमाबाई पदर खोचून समोरच उभ्या होत्या, वाढपाचं भांडं दुसऱ्या कुणाच्या हाती देत नव्हत्या. स्वैपाकघराच्या दारात बाळाला मांडीवर घेऊन सुमंगला टेकून बसली होती. नारायणरावांनी चित्राहुती घातली, आमटीभाताचा पहिला घास घेतला. आमटी उत्तम झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घासाकडे लक्ष दिलं होतं. मीठ, चिंच, गूळ, सगळं जिथल्या तिथं होतं.

"काय हो व्याहीबुवा," उमाबाईंनी विचारलं, तोंडभर हसत, उत्तर ठाऊक असल्यासारखं, "मीठ बरोबर आहे ना?"

दारात सुमंगलेनं मान वर केली. नारायणरावांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी गिळला.

"कमी आहे," ते म्हणाले.

उमाबाईंचा हात भांड्यावर तसाच राहिला. विहिणीच्या घरी, पहिल्या जेवणाला, भरल्या पंगतीत असं कुणी म्हणत नाही. यशवंतरावांनी आमटीचा भुरका घेऊन पाहिला आणि खाली बघितलं. उमाबाईंचा चेहरा उतरला, पण त्या घरंदाज बाई, त्यांनी लगेच मिठाचं सट आणलं आणि चिमटीभर मीठ त्यांच्या भातावर घातलं. नारायणरावांनी ते मीठ कालवलं, घास केला, खाल्ला. भात चांगलाच खारट झाला होता.

"आता?" उमाबाईंनी विचारलं.

बरोबर आहे, हे शब्द जिभेवर आयते येऊन बसले होते. नारायणरावांनी ते मागं ढकलले.

"कमी आहे," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, माजघरातल्या पाळण्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या.